निळ्या झाडांची बाग

दिव्यश्रीनं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला नेल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे. समोरच्याला ती हवी आहे का, हे विचारायचं मात्र तिच्याकडून बहुधा राहूनच जाई. त्या आठवड्यात तिनं मनावर घेतलं होतं ते असं, की अप्पांची नजर पुरती जाण्याआधी त्यांना तो लहानपणचा सिनेमा रंगीत दाखवायचा.

अप्पा म्हणजे गुंडुराव, तिचे वडील. म्हैसूरच्या अग्रहार भागात त्यांचं साड्या रंगवून देण्याचं दुकान होतं. मागच्या अंगणात तांब्याचे हंडे आणि निळीचे रांजण, आणि दोऱ्यांवर सदा ओली कापडं. घराणंच रंगाऱ्यांचं. फिकी पडलेली साडी नुसती बोटांत धरून ते सांगत, हिला काय लागेल. नेमक्या त्या माणसाच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. डावा डोळा आधीच गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, आहे तोवर आहे. बायको गेल्यावर ते शहराबाहेर येलवालला लेकीकडे राहायला आले होते, आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून उजेडाकडे तोंड करून बसायचे.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दिव्यश्रीच्या तोंडून एक वाक्य गेलं. अप्पांचा हात तिच्या हातात होता. ती म्हणाली, “कलर टीव्हीनं डोळे जातात, म्हणायचात की, अप्पा. आपल्या घरी तर तो कधी आलाच नाही. तरी गेलेच ना, अल्वा?”

अप्पांनी पायानं चाचपत पुढची पायरी शोधली. रिक्षात बसेपर्यंत दिव्यश्रीला आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. शाळेत पोरांना दिवसभर जपून बोला म्हणून शिकवणारी बाई, आणि घरच्या माणसाशी हे असं! पण बोलून झालं होतं.

तर सिनेमाचा बेत तिथून निघाला. त्यात माया होती, पश्चात्ताप होता, आणि खरं सांगायचं तर थोडा जुना रागही होता. त्या रागाचं कारण म्हणजे अप्पांचा लाकडी शटरवाला काळा-पांढरा टीव्ही.

तो सिनेमा मे महिन्याच्या सुट्टीत दूरदर्शनवर हमखास लागायचा. कुठल्याशा थंड मुलखातल्या जाडजूड गोष्टीच्या पुस्तकावरून काढलेला, हातानं रंगवलेल्या चित्रांचा सिनेमा. बोलणं हिंदीत, म्हणजे घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणाऱ्या या पोरांना निम्मं कळणारं आणि निम्मं मनानं भरून काढायचं. एका मेंढपाळाच्या पोराच्या बहिणीचा जादूगारणीनं बगळा करून टाकलेला असतो. तिला परत माणूस करायचं तर लंगड्या घोडीवर बसून जादूगारणीच्या बागेत जायचं आणि तिथल्या झाडांवरचं एकुलतं एक फळ तोडून आणायचं. हात चुकून पानाला लागला तर तोडणाराच झाड होतो. बागेतली सगळी झाडं म्हणजे पूर्वी चुकलेली पोरं. दिव्यश्री आणि तिचा धाकटा भाऊ रघु चटईवर एकमेकांना चिकटून बसत आणि तो पोरगा बागेत शिरला की श्वास घ्यायचं विसरत.

पंचाईत अशी, की काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर त्या बागेत काहीच दिसायचं नाही. पान करडं, फांदी करडी, फळही करडंच. नुसता राखेचा ढीग. मग गल्लीत एकेका घरी कलर टीव्ही आला. शेजारच्या विशालाक्षीबाईंकडे तो सिनेमा बघायला रघु एकदा गेला आणि रडत परत आला. दिव्यश्रीला तेव्हा गालगुंड झालेलं, ती अंथरुणात. पोरांनी मारलं असेल, असं तिनं धरलं. त्यानंतर अप्पांनी हुकूम काढला: शेजारी टीव्ही बघायला जायचं नाही, आणि आपल्या घरी कलर टीव्ही येणार नाही. का? तर त्यानं डोळे जातात.

पैशाचं कारण म्हणावं तर त्याच वर्षी दुकानाला नवं छप्पर घातलं होतं. दर दिवाळीला दिव्यश्री रुसायची, जेवायची नाही, आई मध्ये पडायची. शेवटी तिनं पडद्यावर लावायचा तो रंगीत प्लॅस्टिकचा कागद तरी आणा म्हणून धरणं धरलं. त्यावर अप्पा इतके हसले होते! “वर निळं, मध्ये तांबडं, खाली हिरवं. म्हणजे माणसाचं कपाळ निळं आणि तंगड्या हिरव्या. रंगाऱ्याच्या घरात हे लावू?”

पण पुढच्या मे महिन्यात एक नवल घडलं. टीव्हीपुढं कधी न बसणारे, जाता-येता दारातूनच बघणारे अप्पा सिनेमा लागल्यावर हात पुसत आत आले आणि चटईवर पोरांच्या मध्ये बसले. आणि रंग सांगू लागले. घोडी दिसली की म्हणाले, “केवडी आहे ही. केवड्याच्या आतल्या पानासारखी पिवळी.” जादूगारीण आली की, “हिचा झगा म्हणजे नीळ. रात्रीसारखी, काळ्याला टेकलेली.” आणि बाग आली तेव्हा, “झाडं निळी आहेत बघा सगळी. सात वेळा बुडवून काढल्यासारखी. आणि हे फळ.” त्यांनी उठून पडद्यावर बोट टेकवलं. “हे इथं. पिवळं. ओल्या हळदीचं पिवळं.” त्या करड्या राखेत दोन्ही पोरांना तिथं पिवळं फळ लखलखीत दिसलं, आणि बरोबर तिथूनच पडद्यावरच्या पोरानं ते तोडलं.

दरवर्षी हेच. सिनेमा दिव्यश्रीच्या मनात त्याच रंगांत राहिला. मोठी झाल्यावर तिनं ते मूळ पुस्तकही मिळवून वाचलं. लेखकानं फळाचा रंग कुठंच सांगितला नव्हता, त्यामुळं तिच्या मनातल्या बागेला धक्का लागला नाही. आपल्या वर्गातल्या पोरांना गोष्ट सांगताना ती फळ्यावर निळ्या खडूनं झाडं काढायची. एखादं पोर म्हणालं, मिस, झाडं हिरवी असतात, तर ती म्हणायची, जादूगारणीची निळी असतात.

आता तोच सिनेमा कुणीतरी जुन्या रिळांवरून धुऊनपुसून पुन्हा तयार केला होता आणि तो घरच्या टीव्हीवर लावता येत होता. दिव्यश्रीनं रघुला बंगळूरहून बोलावून घेतलं. अप्पांना मात्र शनिवारी सांगितलं.

“बेडा गे, दिव्या,” अप्पा म्हणाले. “नको ते. सुम्ने, उगाच कशाला?”

“एकदा बघा की, अप्पा. रंगीत कुठं बघितलाय तुम्ही?”

“मला काय करायचंय रंगीत बघून?” मग म्हणाले, “बरं, रघु गेल्यावर लाव.”

“रघु तर त्यासाठीच येतोय!”

अप्पांनी तोंड खिडकीकडं वळवलं. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं मनाशी म्हणून दिव्यश्री स्वयंपाकघरात निघून गेली. ते असं का म्हणाले, हे विचारायचं नेहमीप्रमाणं राहून गेलं.

रविवारी दुपारी रघु आला. विमा कंपनीत हिशेबाच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर, चाळिशी कधीच ओलांडलेला, अंगात पांढरा शर्ट. त्याच्या अंगात पांढऱ्या किंवा निळ्या शर्टाखेरीज दुसरं काही कुणी पाहिलंच नव्हतं. अक्का, म्हणजे दिव्यश्री, चिडवायची, रंगाऱ्याचा पोरगा असा कसा रे बेरंगी? तो हसून सोडून द्यायचा. येताना त्यानं अग्रहारातल्या जुन्या फराळाच्या दुकानातली कडबोळ्यांसारखी कोडबळी आणली होती. दिव्यश्रीनं अप्पांची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ, त्यांच्या उजव्या डोळ्याच्या अंगाला लावली. ती आणि रघु खाली चटईवर बसले. सोफा असताना चटई कशाला, असं कुणी म्हटलं नाही.

सिनेमा सुरू झाला. तीच सनई की काय ती वाजली. मग घोडी आली.

घोडी तपकिरी होती. साधी, कुठल्याही टांग्याला असते तशी.

मग जादूगारीण आली, ती डाळिंबी झग्यात. डोंगर हिरवे, मेंढपाळाची टोपी हिरवी, त्याच्या बहिणीचा परकर लाल. दिव्यश्रीच्या हातातलं कोडबळं तसंच राहिलं. अप्पांनी सांगितलेला एकही रंग पडद्यावर नव्हता. आपल्या मनात जन्मभर जपलेलं चित्र कुणीतरी समोर बसून पुसतंय, असं तिला वाटलं. आणि मग राग आला. रंगांत आयुष्य घालवलेला माणूस, त्याचा अंदाज इतका चुकावा?

“अप्पा,” ती म्हणाली, “घोडी तपकिरी आहे.”

“असेल.”

“डोंगर हिरवे आहेत. झगा डाळिंबी. तुम्ही तर सगळं…”

“असेल की गे. पुढं बघ.”

दिव्यश्रीनं रघुकडं पाहिलंही नाही. पडद्यावरचा पोरगा बागेशी पोचला, दार करकरलं, आणि बाग उघडली. हिरवीगार झाडं, रांगेनं उभी. आणि मधल्या झाडाच्या डाव्या फांदीवर पानांत ते फळ, लालभडक, कुंकवासारखं. लपलेलंसुद्धा नव्हतं. यासाठी आपण श्वास रोखायचो? यासाठी अप्पांचं बोट लागायचं?

“हे काय रे रघु!” ती ओरडलीच. “हे बघ फळ! आंधळ्यालासुद्धा दिसेल!”

शब्द तोंडातून गेल्यावर तिला भान आलं. तिनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांचं तोंड मात्र टीव्हीकडं नव्हतं. मान तिरपी करून, उरलेल्या नजरेचा तुकडा ते रघुवर लावू पाहत होते.

रघु पुढं वाकला होता. त्याचे डोळे पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते.

“कुठं?” तो म्हणाला.

“कुठं काय? समोर!”

“हां हां. दिसलं.” आणि त्यानं बोट केलं ते उजवीकडच्या कोपऱ्यात, जिथं पानांखेरीज काही नव्हतं.

दिव्यश्री हसली. “अजून चेष्टा करतोस, अल्वा?”

“बंद कर ते,” अप्पा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण उकळता हंडा उतरवताना अंगणात पोरं मध्ये आली की ते ज्या आवाजात बोलत, तो होता. दिव्यश्रीनं घाईघाईनं बटण दाबलं. बाग जागच्या जागी थांबली.

मग रघुच म्हणाला, “असू दे, अप्पा. किती दिवस झाकणार?” आणि अक्काकडं वळून, एखादं राहून गेलेलं काम सांगावं तसं त्यानं सांगितलं, “मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, अक्का. पहिल्यापासून. तुला तिथं फळ दिसतं. मला पानंच दिसतात.”

दिव्यश्रीनं पडद्यावरच्या फळाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“बेट्टदपुरचे एक गिऱ्हाईक होते,” रघु सांगू लागला. “मुलीच्या लग्नाची साडी न्यायला आलेले. अप्पा म्हणाले, दोरीवरची लाल काढून आण. मी हिरवी नेली. ते हसले. अप्पाही हसले. म्हणाले, पोरगा सुम्ने चेष्टा करतो, आणि स्वतः जाऊन लाल आणली. ते गेल्यावर मला हंड्यामागं नेऊन विचारलं, हा कुठला, तो कुठला. मी सगळे चुकवले. मला वाटलं आता मार बसणार. अप्पांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, रंग मला विचारत जा, मी सांगीन. दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही.”

“आणि विशालाक्षीबाईंकडं?” दिव्यश्रीनं विचारलं.

“तिथं सगळी पोरं ओरडली की, ते बघ, ते बघ फळ. मला सोडून सगळ्यांना दिसलं. मी पण ओरडलो, दिसलं म्हणून. तर म्हणाले, दाखव.”

दिव्यश्रीच्या डोळ्यांपुढून ते सगळे मे महिने सरकू लागले. केवडी घोडी, निळा झगा, निळी झाडं, हळदीचं फळ. पिवळा आणि निळा, निळा आणि पिवळा. डाळिंबी, पोपटी, शेंदरी, मोरपंखी अशा शेकड्यांनी रंगांची नावं ज्याच्या जिभेवर नाचायची, त्या माणसानं तो सगळा सिनेमा दोनच रंगांत रंगवला होता. रघुला दिसू शकणाऱ्या दोन रंगांत. चुकून एकदाही त्यांच्या तोंडून लाल आला नव्हता, हिरवा आला नव्हता.

“म्हणून टीव्ही घेतला नाहीत?” ती म्हणाली.

अप्पांनी खुर्चीचा हात चाचपला. “घरात पोरं दोन. एकाला दिसतं, एकाला दिसत नाही. मग एका चटईवर बसायचं कसं? काळ्या-पांढऱ्यात तर दोघांनाही दिसत नव्हतं. बरं होतं की ते.”

“मला सांगायचं तरी, अप्पा! मी दर दिवाळीला उपाशी झोपायची…”

“तुला?” अप्पांच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता की गे. अग्रहारभर झालं असतं. रंगाऱ्याच्या पोराला रंग दिसत नाही म्हणून. मग त्यानं मान वर करून चालायचं कसं?”

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच दिव्यश्रीला जास्त लागलं. तिनं नक्कीच सांगितलं असतं. कुणाला तरी, लाडात येऊन, शपथ घालून. तिला दवाखान्याच्या पायऱ्या आठवल्या. तिनं ते वाक्य फेकलं तेव्हा अप्पांना उत्तर देता आलं असतं. रघुचं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. पण ते पायानं पायरी शोधत राहिले. तिला रडू फुटलं, आणि ते आवरायचा तिनं प्रयत्नही केला नाही. रघुनं कोडबळ्यांची ताटली उगाचच बाजूला सरकवली.

“पुरे आता,” अप्पा म्हणाले. “आय्तु. झालं गेलं. चहा टाक.”

दिव्यश्री उठली नाही. पदरानं तोंड पुसून तिनं रिमोट हातात घेतला आणि पडद्यावरच्या याद्यांमध्ये काहीतरी शोधू लागली. उजेड, आवाज, मग रंग. रंगाची पट्टी तिला सापडली. ती तिनं डावीकडं न्यायला सुरुवात केली. बाग हळूहळू विटू लागली, आधी फिकी, मग मातकट, आणि पट्टी शेवटाला टेकली तेव्हा सगळी राख. मधल्या झाडाच्या डाव्या फांदीकडं ती डोळे ताणून बघत होती. फळ तिच्या डोळ्यांदेखत पानांत विरघळून गेलं. आता तिलाही दिसेना.

तिनं सिनेमा थोडा मागं नेला, पोरगा बागेच्या दाराशी येतो तिथपर्यंत, आणि सुरू केला.

“काय केलंस?” अप्पांनी विचारलं.

“आपला टीव्ही केला, अप्पा.”

दार करकरलं. करडा पोरगा करड्या घोडीवरून उतरला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दोघेही तिच्यासाठी थांबलेत.

“सांग की, अक्का,” रघु म्हणाला.

“घोडी,” दिव्यश्री म्हणाली. “घोडी केवडी आहे. केवड्याच्या आतल्या पानासारखी. आणि झाडं निळी. सगळी.”

“किती?” अप्पांनी विचारलं.

“सात वेळा बुडवलेली.”

“हं,” अप्पा म्हणाले. “तेवढी पाहिजे.”

मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला सुरुवात केली. रघु सावरायला गेला, तर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. उजवा हात पुढं करून त्यांनी पडदा शोधला, काच लागल्यावर तळवा क्षणभर तसाच ठेवला, आणि मग सवयीनं, ज्या जागी दर मे महिन्यात टेकवायचे त्या जागी, बोट टेकवलं.

बोट चुकलं होतं. जुना टीव्ही केवढासा, आणि हा भिंतभर. फळ तिथून चांगलं वीतभर वर होतं. पडद्यावर ते दिसत नव्हतं, पण कुठं आहे ते आता त्या खोलीत एकट्या दिव्यश्रीला माहीत होतं. ती उठली. तिनं अप्पांचं मनगट धरलं आणि बोट हळूच वर, मधल्या झाडाच्या डाव्या फांदीपर्यंत नेलं.

“इथं, अप्पा.”

“पिवळं,” अप्पा म्हणाले.

“ओल्या हळदीचं,” दिव्यश्री म्हणाली.

राखेतून त्या पोराचा हात पुढं आला आणि बरोबर अप्पांच्या बोटाखालून त्यानं फळ तोडलं. मागं चटईवर रघुनं लहानपणी वाजवायचा तशीच टाळी वाजवली.

“सापडलं, अक्का,” तो म्हणाला. “सापडलं.”